फ्लॉपीतले किडे

चहाचा कप जरा खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा. मागे एकदा मेव्हण्याला हा किस्सा सांगत होतो, तर त्याच्या नाकातून चहा आला आणि माझ्या नव्या शर्टावर गेला. तेव्हापासून मी आधी कप खाली ठेवायला लावतो.

माती खायची म्हटली तर मी आयुष्यात भरपूर खाल्लीय. त्याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. पण चाळीस माणसांना सतरंजीवर बसवून, त्यांना चहा-भजी देऊन, त्यांच्या डोळ्यांदेखत खाल्लेली ही एकदाच!

साल असेल दोन हजार एक किंवा दोन. मी नुकताच शेतकीचा पदवीधर झालो होतो. घर नाशिकला गंगापूर रोडला आणि नोकरी दिंडोरीला, द्राक्षबागांच्या औषधांच्या दुकानात. सकाळी डबा मोटरसायकलला अडकवायचा आणि निघायचं. दुकानाचे मालक अण्णा. माणूस दिलदार, आवाज ट्रॅक्टरसारखा, आणि नव्या वस्तूचं भयंकर वेड. पंचक्रोशीतल्या औषधांच्या दुकानांत पहिला कॉम्प्युटर आणला तो अण्णांनी.

मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "कॉम्प्युटर येतो का?"

"येतो," मी म्हणालो. तीन महिन्यांचा कोर्स केला होता ना! त्यातले दोन महिने क्लासमध्ये वीज नव्हती, हे काही मी सांगत बसलो नाही.

माझं काम असं : बागायतदारानं छाटणीची तारीख सांगायची, मी ती कॉम्प्युटरमध्ये घालायची आणि पुढच्या फवाऱ्यांचं वेळापत्रक छापून त्याच्या हातात द्यायचं. कॉम्प्युटरला दुकानात वेगळी खोली होती. चपला बाहेर काढून आत जायचं. अण्णांच्या मिसेसनी त्याला झालरीचं कव्हर शिवलेलं होतं. रोज सकाळी उदबत्तीसुद्धा फिरायची.

आता सप्टेंबरचे दिवस. ऑक्टोबरच्या छाटण्या सुरू व्हायच्या होत्या, त्यामुळे दुपारी दुकानात चिटपाखरू नाही. अण्णा एक वाजता जेवायला घरी जायचे ते वामकुक्षी करून चारला यायचे. एक ते चार मी, कॉम्प्युटर आणि औषधांचा वास. बावीस-तेवीस वर्षांच्या माणसानं करायचं काय?

इथे प्रशांतचा प्रवेश होतो. प्रशांत माझा शाळेपासूनचा मित्र, कॉलेज रोडला सायबर कॅफे चालवायचा. एका रविवारी त्यानं मला एक काळी फ्लॉपी दिली.

"मिल्या, आपला तो टीव्हीचा व्हिडिओ गेम आठवतो?"

आठवतो का? अहो, लहानपणी तो खोका म्हणजे माझा जीव होता! कॅसेट घालायची, नाही चालली की काढून तिच्यात फुंकर मारायची आणि परत घालायची. फुंकरीनं काय व्हायचं देव जाणे, पण चालायची! मी दहावीत गेल्यावर आईनं तो खोका भंगारवाल्याला दिला आणि वर प्लास्टिकची बादली घेतली.

"तो अख्खा खोका या फ्लॉपीत आहे," प्रशांत म्हणाला. "याला म्हणायचं एम्युलेटर. कॉम्प्युटर त्या जुन्या खोक्याचं सोंग घेतो. कॅसेटची पण फाईल असते. ती याला दिली की याला वाटतं आपल्यात कॅसेटच घातली. आणि तुझा तो किड्यांचा गेम पण टाकलाय."

माझा किड्यांचा गेम! वरून रंगीबेरंगी किडे रांगा करून खाली यायचे, खाली आपलं एक छोटं विमान, आणि आपण खालून टिव टिव गोळ्या मारत सुटायचं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो.

"आणि गंमत ऐक," प्रशांत म्हणाला. "एफ फाईव्ह दाबलं की खेळ आहे तसा साठवून ठेवतो. मेलास की एफ सेव्हन दाब. जिथे साठवलास तिथून परत जिवंत!"

सोमवारी दुपारी सव्वा वाजता फ्लॉपी अण्णांच्या कॉम्प्युटरमध्ये होती. मंगळवारी, बुधवारीही होती. गुरुवारी दोन वाजता मी तिसऱ्या फेरीत, जीभ बाहेर काढून टिव टिव करत असताना पाठीमागून आवाज आला.

"मिलिंदराव! हे काय चाललंय?"

अण्णा! आणि त्यांच्या शेजारी तात्या. तात्या म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. बारा एकर बाग, पासष्टीचे, बोलणं कमी. त्यांनी एखादं औषध घेतलं की अर्धं गाव डोळे मिटून तेच घ्यायचं. अण्णा त्यांना कौतुकानं कॉम्प्युटर दाखवायला घेऊन आले होते.

मी एस्केपचं बटण दाबायला गेलो आणि घाबरून एंटर दाबलं. गेम नव्यानं सुरू झाला! सगळा पडदा किड्यांनी भरला. चाळीस किडे, पंख हलवतायत.

तात्यांनी मान पुढे केली. "किडे दिसतायत," ते शांतपणे म्हणाले.

आणि त्या 'किडे' शब्दानं माझं डोकं फिरलं. त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर अण्णा दोन शिव्या देऊन मोकळे झाले असते. पण नाही! माझ्या तोंडातून शब्द निघाले ते असे :

"हो ना, तात्या. फवारणीचं प्रात्यक्षिक आहे. कॉम्प्युटरवर."

"अस्सं," तात्या म्हणाले. "अन् खाली ते काय हाय?"

"ब्लोअर." म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडतात ते फवारणीचं यंत्र.

"मंग ट्रॅक्टर कुठंय?"

"ट्रॅक्टर समजून घ्यायचा."

"अन् हे वरचे? थ्रिप्स का उडद्या?"

"लाल आहेत ते उडद्या. निळे ते थ्रिप्स." सांगतोय की नाही! मी शेतकीचा पदवीधर! निळे थ्रिप्स, म्हणजे निळे फुलकिडे, जगात कुठे असतात का? पण माणूस एकदा घसरायला लागला की थांबतो कुठे?

तात्यांनी नुसती मान हलवली. "लय भारी काम हे," म्हणाले, आणि मिशीवरून हात फिरवत बाहेर गेले. अण्णांचा चेहरा मात्र असा उजळला, की मला त्यांच्याकडे बघवेना.

"मिलिंदराव, एवढं मोठं काम केलंत आणि मला सांगितलं नाहीत? रविवारी मेळावा घेऊ! आपलं थ्रिप्सचं नवीन औषध आलंय ना, तेच यात दाखवा."

"अण्णा, अजून ते पूर्ण नाही झालेलं…"

"होईल हो! आजपासून तुम्ही गिऱ्हाईक बघायचं नाही. नुसतं हे बघायचं."

म्हणजे मालकाच्या हुकमावरून, पगार घेऊन, तीन दिवस गेम खेळायचा! दुसऱ्या कुणाला हा स्वर्ग वाटला असता. मला अन्न जात नव्हतं. दुकानाबाहेर फळा लागला, 'कॉम्प्युटरवर फवारणी पाहा. रविवार सकाळी दहा. चहा-भजी मिळतील.' त्यातला 'फवारणी' हा शब्द अण्णांनी लाल खडूनं लिहिला होता.

मी पळत प्रशांतकडे. तो आधी पाच मिनिटं हसला. मग म्हणाला, "घाबरू नको. दर मिनिटाला एफ फाईव्ह दाबत जा. मेलास की एफ सेव्हन. गावकऱ्यांना काय कळणार आहे?"

हे वाक्य लक्षात घ्या. 'गावकऱ्यांना काय कळणार आहे?' त्याच्याइतकाच मीही शहाणा, मला ते पटलं!

रविवार उजाडला. गोदामातली पोती बाजूला सारून सतरंज्या घातलेल्या. औषधाच्या दोन खोक्यांवर टेबल, टेबलावर मॉनिटर, त्याला झेंडूचा हार. मला वाटलं होतं दहा-बारा माणसं येतील. चाळीस आली! दिंडोरीचीच नाही, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरनं आली. जीपा भरून आली. पुढच्या रांगेत तात्या, मांडी घालून. त्यांच्या शेजारी मथुराबाई, दीड एकराची बाग एकटीनं सांभाळणारी बाई, हातात वही आणि पेन. वही-पेन बघून मी आधी दार कुठे आहे ते बघून ठेवलं.

अण्णांनी ट्रॅक्टरी आवाजात भाषण केलं. "मंडळी, जग कुठे चाललंय बघा! आपले मिलिंदराव आज औषध न फवारता फवारून दाखवणार!"

टाळ्या. मी घाम पुसला आणि सुरुवात केली.

पहिली फेरी झकास गेली. टिव टिव टिव, किडे पटापट पडतायत. "वा! वा!" मागून आवाज आले. "काय नेम हाय साहेबांचा!" कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. अण्णा छाती काढून उभे. मी मनात म्हटलं, मिलिंदा, निभावलं!

दुसऱ्या फेरीत एक किडा वाकडातिकडा घसरत आला आणि विमानावर आदळला. ढुम्म!

"आरारारा! ब्लोअर फुटला!" सगळे एकदम ओरडले.

मी घाईघाईनं एफ सेव्हन दाबलं. ब्लोअर परत आला. पण त्याबरोबर, बघा, मी काही लगेच लगेच साठवत बसलो नव्हतो, तेव्हा मघाशी मारलेले सगळे किडेही जागच्या जागी परत आले. पंख हलवत!



"मेलेले उठले की वो, साहेब," मागून एक जण म्हणाला.

"मंग मी काय सांगत व्हतो!" दुसरा उठून उभाच राहिला. "मागल्या सालाला चार फवारे मारले. सकाळी मेले, संध्याकाळी परत हाजर! अण्णा म्हणे तुमचं पाण्याचं प्रमाण चुकलं. आता बघा, कॉम्प्युटरमधी बी तेच!"

"अण्णा, औषध बोगस हाय का?"

"ओ, बोगस म्हणायचं काम नाही!" अण्णा गरजले आणि माझ्या कानाशी आले. "मिलिंदराव, हे मेलेले का उठतायत?"

"ही… ही दुसरी पिढी आहे!" मी मोठ्यानं सांगून टाकलं. "अंड्यातून बाहेर आलेली!"

"लगीच?" मथुराबाईंनी विचारलं.

"कॉम्प्युटरमध्ये दिवस भराभर जातात, मावशी."

मावशींनी ते वहीत लिहून घेतलं! मी मेलो. म्हणजे परत ब्लोअर फुटला, परत एफ सेव्हन. "तिसरी पिढी!" मागून आवाज आला. पुन्हा ढुम्म. "चवथी!" आता अख्खं गोदाम मोजायला लागलं. "पाचवी! सहावी!" माझा घाम की-बोर्डावर पडत होता. तेवढ्यात वरचा एक मोठा हिरवा किडा खाली आला, त्यानं निळा झोत सोडला, आणि माझा ब्लोअर गरागरा फिरत वर गेला. किड्यानं तो उचलून नेला!

"आयो!" एक म्हातारी ओरडली. "ब्लोअर पळवला!"

"साहेब, हा कोणता किडा म्हणायचा?"

अहो, काय सांगू मी? चार वर्षं कीटकशास्त्र शिकलो, पण ब्लोअर उचलून नेणारा किडा कुठल्याच पुस्तकात नव्हता!

तेवढ्यात मथुराबाई उभ्या राहिल्या. वही छातीशी धरलेली. चेहरा एकदम गंभीर.

"साहेब, एक इचारू? पैल्या बारीला तुमच्या एकाच फवाऱ्यात सगळे मेले. म्हंजी मी बी एकदाच फवारू ना? दुसऱ्याची गरज नाय ना?"

हसू नका. या बाईनं माझ्या खेळाकडे बघून खरंच एकच फवारा मारला तर? फुलोऱ्यात थ्रिप्स बसले की मणी खरडले जातात, डाग पडतात, तो माल कुणी हातात धरत नाही. वर्षभराची मेहनत जायची, आणि कशापायी? तर मला दुपारी कंटाळा येत होता म्हणून! नोकरी गेली तर गेली. मी खुर्चीवरून उठलो, हात जोडले.

"मावशी, ते वहीतलं सगळं खोडा. हे प्रात्यक्षिक नाही. हा गेम आहे. लहान पोरं टीव्हीला लावून खेळतात तो. मी कामाच्या वेळेत खेळत होतो, अण्णा आले, आणि घाबरून खोटं बोललो. ब्लोअर नाही, थ्रिप्स नाहीत, काही नाही. मला माफ करा."

अण्णांचं तोंड उघडं. मी डोळे मिटून शिव्यांची वाट बघत उभा.

आणि मग मथुराबाईंचा पदर तोंडाशी गेला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत! अहो, कसल्या रडतायत? खुदकन फुटल्या त्या! त्यांच्यामागे अख्खं गोदाम फुटलं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. एक जण तर सतरंजीवर लोळत होता.

"आम्हाला म्हाईत हाय वो, साहेब!" मथुराबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. पहिल्या पानावर वाण्याची यादी. तेल, साखर, तूरडाळ. पिढीबिढी कुठेच नव्हती!

"माहीत आहे? कुणाला?"

"सगळ्यांला! तात्यानंच तर सांगितलं चार वाड्यांत फिरून. रविवारी चला, साहेब टीव्हीचा गेम खेळनारेत अन् त्याला फवारणी म्हननारेत. भजी बी हायेत!"

मी तात्यांकडे बघितलं. तात्या मिशीत हसत होते.

"आमच्या घरी हाय ती कॅसेट," ते म्हणाले. "सात-आठ वर्षं झाली. त्या दिवशी म्हटलं, साहेब कुठवर रेटतात ते बघू. तुम्ही निळे थ्रिप्स म्हणाले, तवाच ठरवलं, ही मजा सगळ्यांला दाखवायची."

अण्णा औषधाच्या खोक्यावर मटकन बसले. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा हळू, "एकट्या मलाच माहीत नव्हतं?"

"अण्णा, भजी एकदम कुरकुरीत झाली व्हती," मागून कुणीतरी समजूत काढली. परत हशा.

आता तुम्ही विचाराल, नोकरीचं काय झालं? तर सांगतो. हसून हसून लोक दमले, पण उठेनात. तात्याच म्हणाले, "चला, झाली मजा. आता साहेब, थ्रिप्सचं खरं सांगा. एवढं आलोय तर ऐकूनच जातो." मग मी तो 'कॉम्प्युटरवर फवारणी'चा फळा आत आणला, पुसला, आणि खडू घेऊन दोन तास बोललो. कधी फवारायचं, किती वेळा, औषध आलटून पालटून का वापरायचं. मेलेले किडे परत का दिसतात, हेसुद्धा. त्या चारदा फवारणाऱ्या दादांचं पाण्याचं प्रमाण खरंच चुकलेलं निघालं! मथुराबाईंनी वाण्याच्या यादीमागे दोन पानं भरून घेतली, या वेळी खरीखुरी. मी डोकावून खात्री केली.

अण्णांनी सगळं ऐकलं. लोक गेल्यावर माझ्याकडे आले. मला वाटलं, आता काढतात. ते म्हणाले, "बोलता येतं तुम्हाला. दर महिन्याला असा मेळावा घ्यायचा." मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवून पुन्हा ट्रॅक्टरी आवाजात, "फळ्यावर!"

पण माझी फजिती एवढ्यावर भागली असती तर मी हा किस्सा कशाला सांगत बसलो असतो?

चार दिवसांनी तात्यांच्या बागेत गेलो होतो. काम झाल्यावर तात्या म्हणाले, "चला, घरी चहा घ्या. अन् त्या हिरव्या किड्याची गंमत बी दाखवतो. त्यानं ब्लोअर पळवला ना, तर घाबरायचं नसतं. नेऊ द्यायचा. मंग त्याला बरोबर मारला की आपला ब्लोअर माघारी मिळतो, अन् दोन ब्लोअर शेजारी शेजारी चालतात."

हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं!

घरात काकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. साठीच्या, डोक्यावर पदर, नऊवारी. तात्यांनी टीव्ही लावला, कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली, आणि म्हणाले, "साहेब, माझ्याशी नको. आधी हिच्याशी खेळा. दुपारी ही माझ्यासंगं खेळती, अन् एकदा बी मला जिंकू देत नाय."

"कशाला वो," काकू लाजल्या. पण सूप बाजूला ठेवून हात मात्र पदराला पुसले.

मी मोठ्या मनानं म्हणालो, "काकू, तुम्ही आधी."

"नाय नाय, पाव्हणे आधी."

मी खेळायला बसलो. इथे एफ सेव्हन नव्हतं हो! हातात तो गुळगुळीत झालेला चौकोनी रिमोट, समोर किडे. अर्ध्या मिनिटात पहिलं विमान गेलं, मिनिटात दुसरं, दीड मिनिटात तिसरं. खेळ खलास.

मग काकू बसल्या. एक गुडघा उभा, पाठ ताठ, पापणी हलत नाही. टिव टिव टिव. हिरव्या किड्याला मुद्दाम विमान देऊन टाकलं, परत मिळवलं, दोन दोन विमानं शेजारी घेऊन रांगाच्या रांगा साफ! माझा चहा झाला, दुसरा चहा झाला, तात्या गोठ्यात जाऊन धारा काढून आले, काकूंचं एकही विमान अजून फुटलेलं नाही!

शेवटी भाकऱ्या करायच्या राहिल्यात म्हणून त्यांनी स्वतःच खेळ बंद केला. उठता उठता माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं, आणि स्वयंपाकघराच्या दारातून तात्यांना विचारलं. हळूच, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात :

"अवो, हे सायेब किडे मारायचंच शिकले म्हणता ना कालेजात? का नापास झाले होते?"